खाज्याची पुडी

आषाढातल्या एका दुपारी, ताप उतरून चार दिवस झालेले असताना, माईने खाजे, म्हणजे जत्रेत मिळणारी ती गुळाच्या पाकातली जाड शेव, मागितले. मागितले म्हणणेही खरे तर जास्तच होईल. पेजेची वाटी अर्धी ठेवून ती खिडकीबाहेरच्या पावसाकडे बघत बसली होती, आणि बघता बघता स्वतःशीच बोलावे तशी म्हणाली, ‘तोंडाला चवच नाही. खाज्याचा तुकडा असता तर चघळला असता.’ ८२ वर्षांच्या आणि खालचे मोजून पाच दात शिल्लक राहिलेल्या बाईने खाज्याची आठवण काढावी याचे मला हसू आले, पण चार दिवसांत तिने पहिल्यांदाच खाण्याचे काही नाव घेतले होते. मी छत्री घेऊन आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारात गेलो. जत्रांचा हंगाम संपून दोन महिने झाले होते आणि वास्कोचा श्रावणातला भजनी सप्ताह अजून महिनाभर लांब होता. तिसऱ्या दुकानात पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत, चिकटपट्टीने बंद केलेले खाजे मिळाले. माईने त्यातला एक तुकडा तोंडात घातला, गालात फिरवला आणि पदराच्या टोकात परत काढून ठेवला. ‘जुनं तेल,’ एवढेच ती म्हणाली. मी फुशारकीने म्हणालो, की त्यात काय, मी घरीच करून देतो. त्यावर ती या आजारपणात पहिल्यांदाच मोकळेपणी हसली आणि म्हणाली, ‘घरांत खाजें कोण करता?’ मग भिंतीकडे तोंड करून झोपली.

तिच्या लेखी विषय तिथेच संपला होता. माझ्या डोक्यात मात्र तो रात्रभर भिजत पडला.

कारण माईने घरात काय केले नव्हते? चवथीच्या आधी आठ दिवस नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, घाट घातला जात असे आणि शेजारपाजारच्या बायका आमच्या पडवीत फिरकीने कडा कापत बसत. दिवाळीतली शंकरपाळी, चकली, शेव, आल्याच्या वड्या, दोस म्हणतात त्या चण्याच्या डाळीच्या वड्या, नाताळात ख्रिस्ती शेजाऱ्यांकडून ताट आले की त्या ताटातून परत पाठवायचे बेसनाचे लाडू, हे सगळे घरचे. विकतची मिठाई आमच्याकडे जवळजवळ आजारपणाच्या किंवा परीक्षेच्या निकालाच्याच दिवशी येत असे. आणि खाज्याला लागते तरी काय? चण्याचे पीठ, गूळ, आले, तीळ, मीठ, चिमूटभर हळद आणि तळायला तेल. या सात वस्तू आमच्या फडताळात बाराही महिने असत. जाड छिद्रांच्या चकतीचा पितळी सोऱ्या होता, झारा होता, आजीच्या वेळची लोखंडी कढई होती. तरीही मला आठवते तेव्हापासून एकदाही, कुठल्याही सणाला, आमच्या घरात किंवा आमच्या वाड्यावरच्या कुठल्याही घरात खाजे झालेले मी पाहिले नाही. कोणी करून बघितले आणि बिघडले, असेही ऐकले नाही. करायचा विचारच कोणाच्या मनात येत नसावा.

खाजे म्हटले की मला आधी दिसतो तो ढीग. जत्रेच्या वाटेवर मांडवाखाली फळ्यांवर रचलेला, करंगळीएवढ्या कांड्यांचा पिवळट तपकिरी डोंगर, त्याच्या एका अंगाला चणे, दुसऱ्या अंगाला लाडवांच्या ओळी, आणि मधोमध मांडी घालून बसलेला खाजेवाला, जो कधीही वर न बघता बोलत असे. लहानपणी त्या ढिगावर पेट्रोमॅक्सचा पांढरा उजेड पडत असे आणि उजेडाभोवती फिरणाऱ्या किड्यांपैकी एखादा गुळाला चिकटलेला असे. वाटेवरच्या माणसांच्या पायांनी उडालेली तांबडी धूळ त्या ढिगावर बसत असणार, पण खाज्याचा रंगच असा की धूळ कुठे संपते आणि गूळ कुठे सुरू होतो ते कळू नये. तराजूच्या पारड्यात खाजे ओतताना वाळूत पाय रुतल्यासारखा आवाज होई. वर्तमानपत्राचा तुकडा, त्याची चौकोनी पुडी, तिला दोन फेरे दोरा, आणि दोऱ्याचे टोक दाताने तोडणे. वजनात एखादी कांडी जास्त झाली तर ती परत ढिगात न टाकता समोर उभ्या असलेल्या पोराच्या हातात देण्याची रीत होती, म्हणून आम्ही पोरे वजन होईपर्यंत तिथून हलत नसू.

आणि हे दुकान केवळ देवळाच्या जत्रेतच लागते असेही नाही. पौषात म्हापशाला बोडगेश्वराच्या जत्रेत ज्या तऱ्हेचा ढीग दिसतो, त्याच तऱ्हेचा ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्ताला दिसतो आणि ईस्टरनंतर म्हापशाला मिलाग्रीस सायबिणीच्या फेस्तालाही. शिरगावची लईराई देवी आणि म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस या बहिणी आहेत असे आमच्याकडे मानतात. एकीकडून दुसरीकडे तेल आणि मोगरीची फुले जातात हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्या दोन बहिणींच्या अंगणांत बाहेर एकच खाजे विकले जाते, याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. गोव्याच्या खाज्याला आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते वाचून मला आनंद झाला होता. घरी करायला बसलो तेव्हा मात्र, माझे स्वयंपाकघर गोव्याच्या हद्दीत आहे एवढी एकच अट मी पुरी करत आहे, असे वाटून गेले.

मोबाइलवर कृती शोधायला गेलो तर नावाने घात केला. खाजा म्हणून जे समोर आले ते बिहारमधल्या सिलावचे आणि पुरीच्या जगन्नाथाच्या महाप्रसादातले, म्हणजे मैद्याचे पदर लाटून तळलेले आणि साखरेच्या पाकात बुडवलेले. दिसायला ते सुंदर होते यात शंका नाही, पण आमच्या खाज्याशी त्यांचे नाते केवळ आडनावाचे. पुढे मालवणी खाज्याच्या कृती सापडल्या आणि हायसे वाटले. तेरेखोल नदीच्या पलीकडे सिंधुदुर्गात आणि अलीकडे गोव्यात खाजे एकच आहे. सौभाग्यवतीने स्वयंपाकघर एका अटीवर मोकळे करून दिले: पाकाचे भांडे जो बिघडवील त्यानेच घासायचे.

पहिल्या दिवशी पाव किलो पीठ घेतले. कडकडीत तेलाचे मोहन घातले, हळद-मीठ घालून घट्ट मळले आणि सोऱ्यातून थेट तेलात सोडले. कांड्या वरून झटकन लाल झाल्या आणि मोडून पाहिल्या तर आत कच्चे पीठ. जाड शेवेला मंद आच आणि धीर लागतो, हे मला तळणीनंतर कळले. शिवाय बाहेर असा पाऊस कोसळत होता की अर्ध्या तासात ताटातली शेव सादळून गेली. आमच्याकडे आषाढात पापडसुद्धा तळल्यावर लगेच खावा लागतो. मीठ पाणी सोडते, आगपेटीची काडी ओढली तर गुल निघून येतो. अशा दिवसांत कुरकुरीत वस्तू करायला बसणे हा हट्टच होता. तो घाणा मी कावळ्यांना घातला आणि त्यांनी तो छपराच्या कडेला ठेवून दिला.

दुसऱ्या वेळी शेव जमली. मंद आचेवर, एका वेळी थोडीच, बुडबुडे शांत होईपर्यंत तळली. मोडली की काटकीसारखी मोडत होती. पण पाकाने दगा दिला, आणि तो दगा मीच आमंत्रण देऊन आणला होता. गुलाबजामच्या पाकात माई लिंबाचे चार थेंब पिळते हे लहानपणापासून पाहिलेले, म्हणून मी गुळाच्या पाकातही ते पिळले. खाजे चकचकीत झाले, दिसायला चिक्कीसारखे, आणि हात लावला की बोटाला चिकटून येणारे. डब्यात भरले तर सकाळी सगळ्या कांड्यांचा मिळून एक ओंडका. जत्रेतले खाजे चकचकत नाही, चिकटत नाही; त्याच्यावर गुळाचा कोरडा, खरखरीत, किंचित पांढुरका थर असतो, जो दातांखाली आधी वाळूसारखा विरतो आणि मगच आतली शेव लागते. हा फरक का पडतो ते मी मग नीट वाचले. पाक घट्ट शिजवून तो निवत असताना सतत हलवत राहिले की त्यातल्या साखरेचे बारीक स्फटिक धरतात आणि थर कोरडा होतो. लिंबाची आंबटाई हेच होऊ देत नाही. ती साखरेचे दोन भागांत विघटन करते आणि ते भाग स्फटिक धरण्याच्या आड येतात. गुलाबजामचा पाक ज्यामुळे सुधारतो त्यानेच खाजे बिघडते. तिसऱ्या वेळी मला वाटले की अस्सल गोव्याची वस्तू करायची तर माडाचा काळा गूळ हवा. तो दोदोल, पातोळ्या या आमच्या गोड पदार्थांत शोभतो. खाज्यावर तो ओल्या डांबरासारखा बसला आणि दुसऱ्या दिवशीही वाळला नाही. खाज्याला उसाचा पिवळा गूळ लागतो, जो आमच्याकडे घाटावरून येतो. अस्सलपणाचा माझा हिशेब चुकला तो असा.

तीन कढया मी घासल्या. हे नमूद करून ठेवतो.

ओळखीतल्या एका खाजेवाल्याच्या घरी मग मुद्दाम गेलो. पावसाळ्यात त्याची मोठी काहील पालथी घालून पडवीत ठेवलेली होती आणि तिच्यावर मांजर झोपले होते. माझी रड ऐकून त्याने पहिला प्रश्न विचारला, ‘गूळ किती घेतला?’ पाव किलो म्हटल्यावर त्याला दया आल्यासारखी दिसली. तो म्हणाला, की एवढासा पाक चुलीवरून उतरवला की हात घालीपर्यंत थंड होतो. काहिलीत दहा-बारा किलो गूळ एकदम शिजतो, त्याची ऊब लवकर जात नाही, त्यामुळे दोघांनी मिळून सावकाश परतायला वेळ मिळतो. घरच्या कढईत तो वेळ मिळत नाही. एक तर शेवेला पाक लागेपर्यंत गोळा होतो, नाही तर घाबरून आपण तो कच्चाच उतरवतो. मी विचारले, म्हणून घरात कोणी करत नाही का? तो विचारात पडला. ‘असेलही,’ म्हणाला. ‘पण आमच्याही घरात विकायचं सोडून खायला म्हणून कोणी करत नाही. जत्रेहून उरलं तर खातो.’ निघताना त्याने दोन गोष्टी सांगितल्या: शेव पाकात टाकण्याआधी गरम करून घे, आणि भांडे जड घे.

घरी येऊन माईला हे सांगितले. अंथरुणातून उठून ती आता पडवीतल्या आरामखुर्चीपर्यंत येऊ लागली होती. ती म्हणाली, ‘गूळ कमी म्हणून नव्हे रे.’ पुढचे ती बोलली नाही, वाती वळत राहिली. आणि त्या वाती वळणाऱ्या बोटांकडे बघताना मला वैशाखातली एक पहाट आठवली.

बाबा लईराईचे धोंड, म्हणजे व्रतस्थ भक्त, होते. वैशाख शुद्ध पंचमीच्या आधी काही दिवस ते सोवळ्यात राहत, वेगळे जेवत, आणि जत्रेच्या दिवशी रंगीत गोंड्यांचा वेत खांद्यावर घेऊन शिरगावला निघत. तळीत स्नान, रात्रभर नाच, मग उत्तररात्री होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालणे. घरून आम्ही भावंडे आलटूनपालटून त्यांच्याबरोबर जात असू. माई जात नसे. आजी अंथरुणाला खिळलेली होती आणि गोठ्यात दोन म्हशी होत्या. कोणीतरी घरी राहायलाच हवे होते, आणि ते कोणी म्हणजे कोण, यावर आमच्या घरात कधी चर्चा झाल्याचे मला आठवत नाही. सकाळी आम्ही परतलो की ती दारात तांब्याभर पाणी घेऊन उभी असे. बाबांच्या गळ्यात रात्रभर कोमेजलेली मोगरीच्या कळ्यांची माळ आणि उपरण्याच्या गाठीत खाज्याची पुडी. माळ देवापाशी जाई. पुडी माईच्या हातात जाई आणि ती पुडी तशीच न सोडता आधी तिचा वास घेत असे. मला तेव्हा वाटे, की ती गुळाचा वास घेते. त्या कागदाला मोगरीचा, धुराचा, घामाचा आणि रात्रभराच्या गर्दीचा वास लागलेला असे. मग ती पुडी सोडून आधी आजीला, मग शेजारच्या दोन घरांत जिथून कोणी गेले नव्हते तिथे, आणि उरल्यातले आम्हाला, असे खाजे वाटत असे. स्वतः ती सर्वांत शेवटी, चुलीपुढे बसून, एकेक कांडी गालात धरून विरघळवत असे, आणि त्या वेळात आम्ही तिला जत्रा सांगत असू. कोण भेटले, होम किती उंच होता, कोणाची चप्पल हरवली. ती मधे मधे विचारी, ‘आणि मग?’

तिने हिशेबाने आयुष्यात तीन-चार जत्रा पाहिल्या असतील. खाजे मात्र दर वर्षी खाल्ले.

त्यानंतर दोन दिवस मी सोऱ्याला हात लावला नाही. घरात केलेल्या खाज्याबरोबर तिला सांगायला माझ्याकडे काय होते? पाकाच्या स्फटिकांची गोष्ट होती, ती तिने ऐकून घेतली असती. पण अर्धा किलो पीठ आणलेले होते आणि रविवारी सकाळी पाऊस थोडा उघडला, तेव्हा मी कढई काढली. या वेळी आजीची लोखंडी कढई घेतली. अर्धा किलो पिठाची शेव तळून ती ओव्हनमध्ये गरम ठेवली. त्याच तोलाचा पिवळा गूळ अगदी थोड्या पाण्यात विरघळवला, गाळला, त्यात किसलेल्या आल्याचा चोथा रस पिळून टाकून घातला, आणि पाण्यात थेंब टाकल्यावर बोटांनी त्याची गोळी वळेपर्यंत शिजवला. तीळ घातले, शेव घातली, आच बंद केली आणि दोन उलथण्यांनी खालून वर परतायला लागलो. पहिल्या मिनिटाला सगळे एका अंगाने सरकत होते, जड, मुके. सौभाग्यवती दारात उभी राहून कढईकडे बघत होती, बहुधा घासणीच्या नजरेने. मी दुसऱ्या वेळच्या ओंडक्याच्या तयारीत असताना पडवीतून माईचा आवाज आला, ‘थांबू नको. ऐक.’ मी परतत राहिलो. कढईतला आवाज बदलत होता. चिखलात चालल्यासारखा होता तो हळूहळू वाळूत चालल्यासारखा झाला, आणि मग एकाएकी कांड्या एकमेकींपासून सुटून लोखंडावर खडखडू लागल्या. गुळावरची चमक गेली, तिच्या जागी चुन्याच्या हातासारखा मंद थर आला. ज्या बाईने हे कधी केले नव्हते तिला तो आवाज कसा ठाऊक, हे मी तिला विचारले नाही. तराजूच्या पारड्यातून तो तिने ऐकला असेल, किंवा पुडी हलवून.

परातीत काढलेले खाजे निवल्यावर तिने एक कांडी उचलली, उजेडाकडे धरून बघितली आणि गालात घातली. खाजे चांगले झाले आहे असे ती म्हणाली नाही. आले जरा अधिक चालले असते, एवढे म्हणाली. नंतर तिने मला जुने वर्तमानपत्र आणायला सांगितले. अर्ध्या पानाचे दोन तुकडे केले, प्रत्येकावर ओंजळभर खाजे ठेवून चारी बाजूंनी दुमडले आणि देव्हाऱ्यातल्या फुलांच्या पुडीचा जपून ठेवलेला दोरा त्यांना गुंडाळला. बोटे थरथरत होती, पण पुडीचे कोपरे चारही टोकदार आले. एक पुडी तिने उशाशी ठेवली. दुसरी माझ्या हातात दिली आणि पलीकडच्या घरच्या काकींचे नाव घेतले. त्या काकींचा गुडघा बदलल्यापासून दोन वर्षे त्या दाराबाहेर पडलेल्या नाहीत. ‘कोणी विचारलं तर घरचं म्हणू नको,’ माईने बजावले.

पाऊस पुन्हा धरला होता. छत्रीखाली पुडी छातीशी धरून मी पलीकडे गेलो. काकी खाटेवर बसूनच होत्या. कागदावरून हात फिरवताच त्यांना आत काय आहे ते कळले आणि त्यांनी ती पुडी दोन्ही हातांनी कपाळाला लावली. सुनेला हाक मारून ती देवापुढे ठेवायला दिली. मग मला बसायला स्टूल दाखवत त्यांनी डोळे बारीक करून विचारले, ‘खंयची जात्रा जाली रे?’

आषाढात गोव्यात कुठली जत्रा होते, याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते आणि खोटे नाव घ्यायला जीभ वळेना. मी म्हणालो, ‘माईने पाठवलंय.’ त्यांनी मान डोलावली, जणू तेही एक गावच होते, आणि म्हणाल्या, ‘गर्दी होती?’

परत आलो तेव्हा माई झोपली होती आणि उशाशी पुडी सोडलेली होती. स्वयंपाकघरात लोखंडी कढईला लागलेला उरलासुरला पाक दगड होऊन बसला होता. मी तिच्यात गरम पाणी ओतले, आणि तो सुटेपर्यंत तिथेच स्टुलावर बसून राहिलो.